कॅरलचं शेवटचं घर

— बसा ना पाळकीणबाई, उभ्या किती राहाल, ते मैद्याचं पोतं आहे, झटकून बसलं की झालं — पदर पांढरा झाला तर होऊ द्या, डिसेंबरात या बेकरीत आलेली बाई मैदा लागल्याशिवाय बाहेर पडतच नाही. काय म्हणत होतात तुम्ही? हां, कॅरलचं. सांगते, सांगते. आधी एवढं बघू द्या, तो कारागीर अंडी फेटतोय ती आमची की त्या खराळवाडीच्या बाईंची, नाहीतर माझं घरचं लोणी त्यांच्या केकात जायचं आणि त्यांचा डालडा माझ्या. नाही, त्यांचीच आहेत. आपल्याला वेळ आहे अजून. तुमच्या गावाकडे नसेल ही पद्धत. इथं पिंपरीत आपली चर्चची सगळी मंडळी असंच करते बघा — सामान घरचं, भट्टी नूरमोहम्मदची. मैदा, साखर, लोणी, अंडी, मनुका, सगळं घरून मोजून आणायचं, त्याची माणसं घोटून देतात, साच्यात भरतात, आणि दुपारचे पाव निघाले की भट्टी आपल्याला मोकळी. घरातल्या कुणीतरी मात्र समोर बसून राहायचं, उठायचं नाही. का उठायचं नाही म्हणाल, तर तसं काही कारण नाही — बसायला बरं वाटतं. ऊब असते, वास असतो, चार बायका भेटतात, कुणाच्या सुनेचं काय नि कुणाच्या जावयाचं काय ते कळतं. नाताळ इथूनच सुरू होतो म्हणा ना.

तर कॅरलचं. उद्या घरोघर गाण्याची शेवटची फेरी, आणि पोरांना शेवटचं घर आमचं पाहिजे, हेच ना? रुपालीनं पाठवलं तुम्हाला. तिचंच काम, ढोलकीमागं उभी राहून सगळ्या मुलींना सूर देते ना, तीच. स्वतः यायची हिंमत नाही झाली तिला, म्हणून तुम्हाला पुढं केलं, म्हणाली असेल पाळकीणबाईंना काकू नाही म्हणायच्या नाहीत. तुम्हाला नवीन म्हणून माहीत नसेल, शेवटच्या घराला मान असतो आमच्यात. बाकीच्या घरी दोन गाणी होतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, हातावर शंकरपाळ्या पडतात, चला पुढं. शेवटच्या घरी सगळे चपला काढून आत येतात, पोटभर फराळ, चहा, आणि तिथली प्रार्थना पाळकसाहेब करत नाहीत — ती घरची बाई करते. दार उघडायचं आणि उंबऱ्यात उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग आत या म्हणायचं. म्हणजे उद्या मी. तर त्यांना सांगा, सुमनताईंना वेळ नाही.

हसू नका, खरंच नाही वेळ. तुम्ही माझं घर बघा येऊन, पाय ठेवायला जागा नाही. करंज्या झाल्या, त्या दोन डब्यांत बसल्या नाहीत म्हणून कळशीत भरल्या. चकल्या अर्ध्या राहिल्यात. अनारशांचं पीठ अजून ओलंच आहे. त्यात ताथवड्याच्या सोसायटीतल्या बायका — तिकडं कॉलेजांच्या मागं ते उंच टॉवर झालेत ना, तिथल्या — त्यांना घरगुती ख्रिसमस फराळ पाहिजे. त्यांच्या क्लब हाउसमध्ये सांताक्लॉज येणार, बर्फ पडणार म्हणे थर्माकोलचा, आणि आपल्या करंज्या ठेवणार टेबलावर. मी विचारलं एकीला, बाई गं, वाढदिवस कुणाचा ते मुलांना माहिती आहे का? म्हणाली, हो, सांताचा. घेतली ऑर्डर. सगळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या या वर्षी, कुणालाच नाही म्हणलं नाही. हे म्हणतात — म्हणजे आमचे शांतवनराव — म्हणतात, सुमन, तुला काय गरज आहे गं, पेन्शन येते, खाणारी दोन माणसं आपण. मी म्हणलं, हात रिकामे राहिले की दुखतात माझे.

रविवारी तुमच्या साहेबांनी उपदेश चांगला केला. नाही, खरंच चांगला केला, आवाज लहान आहे पण माणूस मनापासून बोलतो. सणाच्या धांदलीत ज्याचा सण तोच कोपऱ्यात राहतो, म्हणाले — घरात चांदणी लागली, केक आला, कपडे आले, आणि ज्याच्यासाठी हे सगळं त्याला बसायला पाट नाही. बरोबर बोलले. मी पण हेच बोलत आले आयुष्यभर. आमच्या घरात पोरांना... घरात आधी प्रार्थना, मग फराळाचा डबा उघडायचा, असा नियम होता माझा. चकलीला हात लावला तर हातावर फटका. पण मग साहेबांनी माझं नाव घेतलं हो. कशाला घेतलं? सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, आपल्यातल्या सुमनताईंकडे बघा, एवढं होऊनही त्यांचा विश्वास तसूभर हलला नाही, आजही त्यांच्या घरी नाताळ पहिल्यासारखा होतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. कुणीतरी मागून पाठीवर हात ठेवला. मी खाली बघत बसले. लोकांना वाटलं, सुमनताई नम्र आहेत.

काय ओरडतोय तो? धनेश? — हो, इकडं, आमचंच आहे ते. घाल, काजू सगळे घाल, मागं ठेवू नको काही. जायफळ विसरू नको, त्या पुडीत आहे.

अशा काय बघता पाळकीणबाई. इथं सामान देताना नाव विचारतात, साच्यावर चिठ्ठी लावतात, म्हणजे एकाचा केक दुसऱ्याच्या घरी जात नाही. मघाशी त्यानं विचारलं, किस का नाम लिखूँ, आणि मी म्हणलं, धनेश. गेलं तोंडातून. इतकी वर्षं दरवेळी तेच सांगत आले, शाळेत होता तेव्हापासून त्याचंच नाव असायचं साच्यावर, त्याला कौतुक होतं त्याचं — माझ्या नावाचा केक. हा कारागीर नवा आहे, बिहारकडचा, त्याला काय माहीत, त्यानं लिहून घेतलं. जुना असता तर थांबला असता. मी पण म्हणणार होते, अरे खोड ते, सुमन लिही. तोंड उघडलं मी. आणि म्हणलंच नाही. लिहू दे, म्हणलं, एक दुपार. एवढ्यानं कुणाचं काय जातंय.

माझा मुलगा. तुम्ही जूनमध्ये आलात, तुम्ही पाहिलं नाही त्याला. ऐकलं असेल, मंडळीत बोलतातच. पण नुसतं ऐकून काय कळतं — उंच होता, यांच्यावर गेला होता, आणि ढोलकी अशी वाजवायचा की काळेवाडीतली हिंदू घरंसुद्धा दार उघडून उभी राहायची. ज्ञानदेव आमचा शेजारी, माळकरी माणूस, तो म्हणायचा, वहिनी, तुमचा धनेश चुकून तुमच्याकडं जन्मला, हा आमच्या भजनातला पोरगा. निघोज्याला कंपनीत होता. दुसरी शिफ्ट असायची त्याची, पण कॅरलच्या आठवड्यात कुणाकुणाला पकडून शिफ्ट बदलून घ्यायचा, ईदला तुझी करीन, दिवाळीला तुझी करीन, सगळ्यांची देणी सणावारी फेडायचा. मला म्हणायचा, आई, तू केकाचं बघ, शंकरपाळ्यांचं बघ, येशूचं माझ्याकडं लागलं. मस्करी हो. पण खरं होतं ते. माझी धांदल असायची आणि तो मधेच येऊन गॅस बंद करायचा, चल, बस दोन मिनिटं, म्हणायचा. मी चिडायचे. आणि बसायचे.

उद्या वर्ष होतं. मागच्या वर्षी हीच शेवटची फेरी. येताना नूरभाईंकडून केक घेऊन येतो, म्हणून गेला. आदल्या दिवशी भाजून झाले होते, निवायला इथंच ठेवले होते. संध्याकाळी पोरं आमच्या दारात जमली, त्याची ढोलकी घरातच, पण कुणी हात लावला नाही तिला, म्हणाले दादा येऊ दे. मी आतून ओरडतेय, अरे सुरू करा, चहा उकळून उकळून काढा होतोय. रुपाली म्हणाली, काकू, पाचच मिनिटं. तशी पाच पाच मिनिटं करत पोरं उभी राहिली. नंतर यांचा फोन वाजला. निघोज्याच्या पुढं, वळणावर, कंटेनर. पुढचं मला नका विचारू. केकापर्यंत पोचलाच नाही तो.

चोवीसला माती दिली. चर्चला चांदण्या लावलेल्या, झिरमिळ्या लावलेल्या, त्या कोण काढणार आणि कधी काढणार, त्यांच्याखालनंच नेला. गाणारी पोरं तीच. आठवडाभर जन्माची गाणी बसवली होती, आणि म्हणायची वेळ आली कबरीवरची, कुणाला शब्द आठवेनात, पुस्तकात बघून म्हणाली बिचारी. आणि दुसऱ्या दिवशी नाताळ. आता लोकांनी तरी काय करायचं? नवीन कपडे घालायचे की नाही, मुलांना दटावायचं की नाही — आमच्या गल्लीतनं चर्चला जाताना सगळे हळू हळू गेले, एक पोरगं शिट्टी वाजवत होतं, त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला त्याच्या. मी खिडकीतनं बघितलं. मला वाटलं, वाजवू दे गं. संध्याकाळी नूरमोहम्मद आला केक घेऊन, धुतलेल्या कापडात बांधून. दारातच उभा राहिला, म्हणाला, ताई, आपकी अमानत मेरे पास थी. यांनी आत घेतलं. ज्ञानदेवच्या घरी दिला आम्ही सगळा.

नाही, पाणी नको. मी रडत नाहीये, हा भट्टीचा धूर आहे. मी रडतच नाही, हेच तर सांगतेय तुम्हाला. यांचं बरं आहे. हे रोज रात्री जेवणाआधी गुडघे टेकतात, प्रार्थना करतात आणि रडतात, आणि मग उठून दोन पोळ्या जास्त खातात. मोकळा होतो माणूस. मी काय करते सांगू? यांची प्रार्थनेची वेळ झाली की मी गॅसवर तेल ठेवते. तेल तापत ठेवून माणसाला बसता येत नाही ना. हे म्हणतात, सुमन, ये. मी म्हणते, तेल आहे हो, तुम्ही करा. रोज. नोव्हेंबरपासून रोज काहीतरी तळते मी. लोक म्हणतात सणाच्या गडबडीत देव राहून जातो, चुकून. माझं चुकून नाही. मी मुद्दाम गडबड केली. त्याच्यासमोर बसायची पाळी येऊ नये म्हणून ह्या एवढ्या करंज्या केल्या मी, म्हणून ताथवड्याच्या ऑर्डरी घेतल्या. आणि तुमचे साहेब म्हणतात, त्यांचा विश्वास हलला नाही. चर्चमध्ये मी तुमच्याच बाकावर बसते पाळकीणबाई, तुमच्या शेजारी. गाण्याला माझं तोंड हलतं नुसतं. आवाज नसतो त्यात. तुम्हाला एकदाही कळलं नाही?

कळलं होतं. बरं. — मग बोलला नाहीत कधी.

विश्वास गेला म्हणू का मी? गेला नाही, तेच अवघड आहे. गेला असता तर सुटले असते. तो नाहीच असं वाटलं असतं तर भांडण कुणाशी? तो आहे, घरात आहे, यांच्याशी बोलतो, आणि मी त्याच्याकडं पाठ करून चकल्या पाडते, नवराबायकोचं कसं वाजलेलं असतं तसं. आणि नाताळभर एकच बातमी हो. कुठलंही गाणं काढा. मुलगा झाला, मुलगा दिला, आनंद करा. माझ्या दारात येऊन पोरं तेच गाणार, त्यांची काही चूक नाही, तेच गायचं असतं. आणि मी दार उघडून त्याचे आभार मानायचे, की देवा, तू मुलगा दिलास. कसे मानू? सांगा की, तुम्ही पाळकाच्या घरच्या, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. त्यानं त्याचा मुलगा दिला, कबूल आहे, मोठी गोष्ट आहे. पण त्याला तिसऱ्या दिवशी जिवंत परत मिळाला तो. मी वर्ष झालं संध्याकाळी गाडीचा आवाज आला की कान टवकारते.

हे साहेबांना सांगू नका. नाही, सांगा. काय व्हायचं ते होऊ दे, पण पुढच्या रविवारी माझं नाव नको.

काय? दुसऱ्या घरी ठेवता शेवटची फेरी? — कुणाच्या? विजयश्रीच्या? तिच्या त्या दोन खोल्यांत? आणि तिनं फराळ काय केलाय, दुकानातली बिस्किटं ठेवील बशीत. नाही, तसं कसं. वीस वर्षं शेवटचं घर आमचं आहे. तुम्ही म्हणाल एक वर्ष राहू द्या, पण एकदा फेरी दुसरीकडं वळली की वळली, मग धनेशच्या दारात कोण येणार आहे. ती पोरं तरी त्याला दादा म्हणतात अजून. बाहेर त्याचं नाव कोण घेतं? कंपनीत त्याच्या मशीनवर दुसरा पोरगा आला त्याच आठवड्यात. यायचं तर आमच्याकडंच. मी यायचं नको म्हणलंच नाही, मी म्हणलं मला वेळ नाही. तुम्ही नीट ऐकत नाही बघा.

आले साचे. चांगले भरलेत, वर बोटभर जागा ठेवलीय, फुगायला लागते ना. चला, आता भट्टीत गेले की अर्ध्या तासात — काय झालं नूरभाई? टाका की आत. थांबलात का?

थांबू नका हो तुम्ही.

दरवर्षी थांबतो हा इथं. साचे फळीवर, फळी भट्टीच्या तोंडाशी, आणि हा थांबतो. धनेश प्रार्थना करायचा ना — इथंच, या जागी, अगदी लहान, दोन वाक्यांची. पहिल्यांदा केली तेव्हा शाळेत होता, मी लाजले, म्हणलं अरे त्यांची बेकरी, त्यांचा धर्म वेगळा. तर नूरभाई म्हणाला, करने दो ताई, रोटी का काम है. तेव्हापासून थांबतो. सगळे कारागीर थांबवतो, फेटणारा हात थांबवतो. बघा ना, आताही सगळं थांबलंय. तो बिहारी बघतोय वेड्यासारखा, त्याला वाटतंय काय झालं. भाई, असं बघू नका माझ्याकडं. मान खाली घालू नका. भट्टीची आच वाया चाललीय, टाका म्हणते ना.

तुम्ही करता? नको. तुम्ही नको पाळकीणबाई, रागावू नका, हे आमच्या घरचं आहे. हात धरा हवा तर. धरा.

हे देवा — बापा —

हा केक आहे. दरवर्षीचाच आहे. नाव त्याचंच आहे वर. तू —

तू तुझा मुलगा —

नाही. नाही येत रे, धनेशबाळा. एवढंच आलं. मुलगा म्हणलं की पुढं काही येत नाही मला.

टाका भाई आत. टाका, झाली.

तुम्ही जा आता, पाळकीणबाई. अंधार पडायच्या आत घरी जा, आणि रुपालीला सांगा, या म्हणावं उद्या, आमच्याकडंच या, पण ढोलकी दुसऱ्याची आणा. प्रार्थना साहेबांना करायला सांगा. मी दार उघडीन. तेवढं होईल माझ्यानं. जा आता, मला इथं बसू द्या, केक व्हायचाय.